आंबट व्हायला वेळ द्या: वैरागची आंबील आणि जर्मनीची गोझे

मार्गशीर्ष अमावास्या जवळ आली की लातूर, धाराशिव आणि त्यांना लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्याच्या पट्ट्यात घरोघरी ताकाची जमवाजमव सुरू होते. वेळ अमावास्या, बोलीत येळवस, हा रब्बीच्या रानाचा सण. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे माणसांनी भरतात. भज्जी, उंडे, भाकरी आणि खीर यांच्याबरोबर शेतात जपून नेले जाते ते आंबिलीचे मडके. ज्वारीचे पीठ, ताक, मीठ, लसूण, जिरे आणि कोथिंबीर एवढाच त्यातला ऐवज. ही आंबील एक-दोन दिवस आधी करून ठेवतात आणि मडक्यात तिला आंबू देतात.

बार्शी-सोलापूर रस्त्यावरचे वैराग याच ज्वारीच्या मुलखातले. इथल्या स्वयंपाकघरात आंबील एका सणापुरती येत नाही. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात ती असते, आणि चैत्र-वैशाखात पारा चाळीसच्या पुढे गेला की रानातून आलेल्या माणसाच्या हातात पाण्याच्या तांब्यानंतर तिचाच पेला येतो. ताक-कण्या हे तिचेच घट्ट भावंड. कर्नाटकात तिला ‘अंबली’ म्हणतात. आंबट, आंबणे, आंबील हे सारे शब्द संस्कृतातल्या ‘आम्ल’ या एकाच शब्दाच्या घरातले आहेत.

अलीकडे आंबील पुन्हा चर्चेत आली आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचे वर्ष जाहीर केल्यापासून ज्वारीला बरे दिवस आले. समाजमाध्यमांवर ‘दहा मिनिटांत आंबील’ अशा कृती फिरू लागल्या. पीठ शिजवा, गार करा, ताक आणि मीठ घाला, वरून लिंबू पिळा, झाली आंबील. चवीला ती वाईट नसते. पण आंबिलीचे म्हणून जे फायदे सांगितले जातात, त्यातले बरेचसे या दहा मिनिटांत मिळत नाहीत. ते का मिळत नाहीत, हे समजून घ्यायला आंबिलीच्या एका परदेशी नातलगाची ओळख उपयोगी पडते.

आंबट, खारट आणि धान्याचे

जर्मनीतल्या हार्झ डोंगराच्या पायथ्याशी गोस्लार नावाचे गाव आहे. शेजारच्या रामेल्सबर्गच्या डोंगरात शेकडो वर्षे चांदी, तांबे आणि शिशाच्या खाणी चालल्या. या खाणी आणि जुने गोस्लार शहर 1992 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. गावातून वाहणाऱ्या छोट्या नदीचे नाव गोझे. त्याच नावाची एक बिअर इथे तयार होऊ लागली आणि पुढे लाइपझिग शहराने तिला डोक्यावर घेतले. गेल्या शतकाच्या सुरुवातीला लाइपझिगमध्ये गोझे मिळणारी कितीतरी दुकाने होती.

ही बिअर इतर बिअरसारखी कडवट नसते. ती आंबट असते आणि किंचित खारट. तिच्यात निम्म्याहून अधिक भाग गव्हाचा असतो आणि मिठाबरोबर धणे घालतात. बिअरमध्ये काय असावे याचे नियम जर्मनीत फार कडक आहेत. बव्हेरियात 1516 साली झालेला कायदा जव, हॉप नावाच्या वेलीची फुले आणि पाणी यांपलीकडे काही घालू देत नव्हता. गोझेला मात्र प्रादेशिक परंपरा म्हणून मीठ आणि धण्यांची सूट मिळते.

आता दोन्हींची सामग्री शेजारी मांडून पाहा. एकीकडे गहू, मीठ, धणे आणि आंबटपणा. दुसरीकडे ज्वारी, मीठ, कोथिंबीर आणि आंबटपणा. धणे आणि कोथिंबीर तर एकाच झाडाची. हे साम्य कुणी कुणाकडून उचललेले नाही. धान्य आणि पाणी एकत्र आले की सूक्ष्मजीव तिथे पोहोचतातच, आणि जगभरच्या माणसांनी त्यांना हाताशी धरले. दक्षिण आफ्रिकेत मक्याची ‘माहेवू’, नायजेरियात ‘ओगी’, टांझानियात ‘टोग्वा’ ही आंबवलेल्या धान्याची पेये आणि पेजा याच कुळातल्या.

मडक्यात नेमके काय होते

आंबील आणि गोझे या दोन्हींना आंबट करणारे कारागीर एकाच जातकुळीचे आहेत: लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू. ते ताकात भरपूर असतात आणि धान्याच्या सालीवर, पिठातही थोडे असतातच. साखर खाऊन ते लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. हे आम्ल आंबलेल्या दुधातून पहिल्यांदा वेगळे केले ते स्वीडनमधले रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांनी, 1780 साली. त्यामागे जिवंत सूक्ष्मजीव आहेत हे लुई पाश्चर यांनी 1857 मध्ये मांडले.

आम्लता मोजायच्या मापाला मराठीत सामू म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू 7. तो जितका कमी, तितका पदार्थ आंबट. सामू एकाने घटला तर आम्लता दहापट वाढते. पाण्यात कालवलेल्या पिठाचा सामू सुरुवातीला साडेसहाच्या आसपास असतो. नीट आंबल्यावर तो चारच्या जवळ येतो. म्हणजे एका रात्रीत आम्लता शेकडो पटींनी वाढलेली असते.

हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण अन्न बिघडवणाऱ्या आणि आजार पसरवणाऱ्या बहुतेक जिवाणूंना इतक्या आंबट जागी वाढता येत नाही. अन्नविषबाधेचा सर्वांत घातक प्रकार घडवणारा बॉट्युलिनम जिवाणू साडेचारच्या थोड्या वरच थांबतो. पाण्याची शाश्वती नाही, फ्रीज नाही, उन्हाळा कडक, अशा ठिकाणी आंबटपणा हेच अन्नाचे कुलूप असते. टांझानियात पाच वर्षांखालील मुलांवर झालेल्या अभ्यासात, आंबवलेली टोग्वा नियमित घेणाऱ्या मुलांच्या विष्ठेत अतिसार घडवणारे जिवाणू कमी आढळले होते. आपल्याकडच्या आज्यांनी सामू मोजला नव्हता. त्यांनी जिभेवर विश्वास ठेवला आणि ती मोजणी बऱ्यापैकी खरी होती.

एकीची बिअर झाली, दुसरीची का नाही?

सूक्ष्मजीव सारखे, धान्यही जवळपास सारखेच. मग गोझेत साधारण चार-पाच टक्के अल्कोहोल असते आणि आंबील मात्र घरातल्या लहान मुलांनाही दिली जाते, हे कसे?

याचे उत्तर मोडात आहे. अल्कोहोल तयार करते ते यीस्ट, म्हणजे किण्व. त्याला साखर लागते. धान्यात असतो स्टार्च, आणि तो किण्वाला थेट खाता येत नाही. धान्याला मोड आले की त्याच्यात अमायलेज नावाचे विकर जागे होते आणि ते स्टार्चची साखर करते. बिअर करणारे म्हणूनच धान्य भिजवतात, मोड आणतात, वाळवतात आणि मग गरम पाण्यात भिजत ठेवून भरपूर साखर तयार करून घेतात. त्यानंतर किण्वाला मेजवानीच असते.

आंबिलीला मोड आलेली ज्वारी लागत नाही. साध्या पिठातली मोजकी साखर आणि ताकातली दुधाची साखर एवढेच खाद्य मडक्यात असते आणि लॅक्टिक जिवाणू ते पटकावतात. एका रात्रीत होणारी आंबील आंबट होते, पण तिच्यात अल्कोहोल नगण्य असते. ज्वारीतून दारू होतच नाही असे मात्र नाही. दक्षिण आफ्रिकेतली ‘उमकोम्बोथी’ ही दाट, आंबूस बिअर मोड आलेल्या ज्वारीचीच असते.

मोडांचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी. मूग-मटकीप्रमाणे ज्वारीलाही लांब मोड आणून ते कच्चे खाण्याच्या सूचना हल्ली वाचायला मिळतात. तसे करू नये. ज्वारीच्या कोवळ्या अंकुरात धुरीन नावाचे द्रव्य असते आणि त्यातून सायनाइड सुटते. कोवळी, पाण्याअभावी सुकलेली ज्वारी खाऊन जनावर दगावते हे शेतकऱ्याला माहीत असते. त्यामागचे द्रव्य हेच. पक्व दाण्यात आणि त्याच्या पिठात हा धोका नसतो.

ज्वारीतले लोह कुठे अडते?

आंबिलीचा दुसरा फायदा पोषणाचा आहे आणि इथेच वेळेचा खरा हिशेब लागतो.

देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे, असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. ज्वारीत लोह आहे, जस्तही आहे. तरीही भाकरी खाणाऱ्या घरांत रक्तक्षय का दिसतो? कारण ताटातले सगळे लोह रक्तात पोहोचत नाही. धान्यात फायटिक आम्ल नावाचे संयुग असते. बियाण्याने स्फुरद साठवायची ती कोठी. आपल्या आतड्यात मात्र ते लोह आणि जस्ताला धरून ठेवते आणि बरेचसे तसेच बाहेर जाते.

हे फायटिक आम्ल मोडणारे विकरही धान्यातच असते. त्याचे नाव फायटेज. कोरड्या पिठात ते निपचित पडलेले असते. ओलावा मिळाला आणि सामू पाचच्या आसपास आला की ते कामाला लागते. पीठ आंबते तेव्हा नेमकी हीच परिस्थिती तयार होते. काही तासांत फायटिक आम्लाचा काही भाग मोडतो आणि लोह, जस्त थोडे मोकळे होतात. ज्वारीतली प्रथिने शिजल्यावर एकमेकांत घट्ट गुंततात आणि पचायला जड जातात. आंबवल्याने तीही काहीशी सुलभ होतात.

यातली अट नीट लक्षात घ्यायला हवी. फायटेज उष्णतेने निकामी होते. पीठ आधी शिजवले आणि मग ताक घातले, तर ज्वारीचे स्वतःचे विकर केव्हाच संपलेले असते. वरून लिंबू पिळून सामू खाली आणला तरी उपयोग नाही, कारण काम करणारा हातच उरलेला नसतो. कच्चे पीठ पाण्यात आणि थोड्या ताकात कालवून रात्रभर ठेवले आणि सकाळी शिजवले, तरच हा फायदा पदरात पडतो. झटपट आंबिलीत चव असते, ताकातले जिवाणू असतात, पाणी आणि मीठ असते. ज्वारीवर व्हायची प्रक्रिया मात्र झालेली नसते.

तरीही, नुसत्या आंबिलीने रक्तक्षय जाईल असे समजू नये. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांना आंबील हा पर्याय नाही. जेवणात लिंबू, आवळा, कोथिंबीर असावी, कारण क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते. जेवणाबरोबर चहा टाळावा, कारण तो ते कमी करतो. आंबवलेली ज्वारी या सवयींतली आणखी एक चांगली सवय आहे.

उन्हात मीठ किती?

घामातून पाणी जाते तसे मीठही जाते. दिवसभर ज्वारीच्या काढणीला किंवा ऊसतोडीला असलेल्या माणसाने नुसते पाणी पीत राहिले तर शरीरातल्या सोडियमचे प्रमाण विरळ होऊ शकते. म्हणून आंबिलीतले मीठ केवळ चवीपुरते नाही.

मीठ आणि धान्य एकत्र का कामी येतात याचे उत्तर आतड्याच्या भिंतीत आहे. तिथे सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेणारी प्रथिनाची दारे असतात. ही जोडी आत गेली की तिच्यामागे पाणीही जाते. ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली मांडली. तिच्याच आधारावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी 1971 च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेचे पाणी तोंडाने देऊन असंख्य जीव वाचवले. पुढे साखरेऐवजी तांदळाचे पीठ वापरूनही असे द्रावण करता येते, आणि पटकीच्या रुग्णांत ते जुलाबाचे प्रमाण कमी करते, हे बांगलादेशातल्या संशोधनाने दाखवले. स्टार्च पोटात हळूहळू ग्लुकोज सोडतो आणि ही दारे चालती ठेवतो. पातळ, किंचित खारट आंबील ही त्याच वाटेवरची आहे.

पण ती ओआरएस नव्हे. एक लिटर ओआरएसमध्ये 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सायट्रेट असे मोजून घातलेले असते. घरच्या आंबिलीत मीठ हाताच्या अंदाजाने पडते. जुलाब होत असतील, विशेषतः लहान मुलाला, तर ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात विरघळवून द्यावी. आंबील नंतर, भूक परतल्यावर.

बिअरही थंड, खारट आणि ताजी वाटते, म्हणून उन्हात ती चालेल असा एक समज तरुणांमध्ये दिसतो. गोझेसारखी सौम्य बिअरही अल्कोहोलच. अल्कोहोल शरीरातले पाणी धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाला दाबते, लघवी वाढवते आणि तहान लागल्याची, उष्णतेचा त्रास होत असल्याची जाणीव बोथट करते. उन्हात राबणाऱ्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये.

आता मिठाची दुसरी बाजू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. आंबिलीच्या पेल्यात पाव चमचा मीठ घातले तर दिवसाचा पाव वाटा तिथेच संपतो. दिवसभर रानात घाम गाळणाऱ्याला ते चालून जाते. पंख्याखाली, दुकानात, कार्यालयात बसणाऱ्याने मात्र हात आखडता घ्यावा. आंबिलीबरोबर ठेचा, लोणचे आणि पापड असेल तर आणखीच. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आंबील मीठ न घालता किंवा नावापुरते घालून घ्यावी. आंबवलेल्या ज्वारीला स्वतःची चव असते. लसूण, जिरे आणि कोथिंबीर भरपूर घातली की मिठाची उणीव फारशी जाणवत नाही.

घरी करायची तर

आंबील करायच्या दोन रीती आहेत. एकीत पीठ आधी आंबवतात आणि मग शिजवतात. दुसरीत आधी शिजवून, गार करून, ताक घालून ठेवतात. पोषण आणि सुरक्षितता या दोन्हींसाठी पहिली रीत उजवी.

अर्धी वाटी ज्वारीचे पीठ दोन वाट्या उकळून गार केलेल्या पाण्यात गाठी न राहता कालवावे. त्यात चार-पाच चमचे ताजे, आंबूस ताक घालावे. झाकून दहा-बारा तास ठेवावे. उन्हाळ्यात रात्र पुरते, थंडीत जास्त वेळ लागतो. सकाळी आंबूस, स्वच्छ वास आला पाहिजे आणि वर बारीक बुडबुडे दिसले पाहिजेत. चार वाट्या पाणी उकळून त्यात हे मिश्रण धार धरून ओतावे, सतत ढवळत चांगले शिजवावे. गार झाल्यावर ताजे ताक, ठेचलेला लसूण, जिरे, कोथिंबीर आणि बेताचे मीठ घालावे. शिजवताना आधीचे जिवाणू मरतात, पण त्यांनी करायचे काम झालेले असते. नंतर घातलेल्या ताकातून जिवंत जिवाणू पुन्हा मिळतात.

दुसऱ्या रीतीत एक धोका आहे. शिजवलेल्या पिठाचे पातेले तासन्‌तास कोमट राहिले तर बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू त्यात वाढू शकतो. शिळ्या भाताने उलट्या होतात त्यामागे बहुधा हाच असतो. याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि त्याचे एक विष पुन्हा उकळले तरी टिकते. म्हणून पीठ शिजल्यावर ते पसरट भांड्यात ओतून किंवा भांडे गार पाण्यात ठेवून लवकर थंड करावे. कोमट होताच सढळ हाताने आंबट ताक घालावे. सामू झपाट्याने खाली आला की या जिवाणूला जागा उरत नाही. येळवशीला ताकाची एवढी जमवाजमव का करतात, याचे शास्त्रीय उत्तर हेच.

भांडे मातीचे, काचेचे किंवा स्टीलचे असावे. तांब्या-पितळेच्या भांड्यात कल्हई नसेल तर आंबट पदार्थ ठेवू नये. आम्लाने तांबे विरघळते आणि मळमळ, उलट्या होतात. ॲल्युमिनियमचे भांडेही टाळावे. मडके वापरत असाल तर ते दर वेळी गरम पाण्याने धुऊन उन्हात कडक वाळवावे. आंबिलीवर काळी, हिरवी किंवा गुलाबी बुरशी दिसली, तारा सुटू लागल्या किंवा कुजका वास आला तर सगळी टाकून द्यावी. वरची बुरशी काढून खालची वापरणे धोक्याचे आहे, कारण बुरशीचे विष खाली उतरलेले असू शकते.

सहा महिन्यांखालच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये, आंबीलही नाही. मधुमेह असलेल्यांनी आंबील हे ‘नुसते पेय’ समजू नये. तिच्यात ज्वारीचा स्टार्च आहे, म्हणून ती जेवणातल्या भाकरीच्या हिशेबात धरावी. पित्ताचा, छातीत जळजळीचा त्रास असणाऱ्यांना फार आंबलेली आंबील सोसत नाही. कर्करोगाचे उपचार सुरू आहेत किंवा प्रतिकारशक्ती खालावली आहे अशांनी घरी आंबवलेले पदार्थ डॉक्टरांना विचारून घ्यावेत.

आणि उन्हात काम करताना कुणी बरळू लागले, तोल गेला, शुद्ध हरपत चालली, अंग तापून निघाले, तर तो उष्माघात समजावा. त्याच्या तोंडात आंबील, ताक, पाणी काहीही ओतू नये. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी मारून वारा घालावा आणि लगेच 108 वर फोन करावा.

हातातले ज्ञान

गोझेची पुढची कहाणी सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लाइपझिग पूर्व जर्मनीत गेले आणि गोझे तयार करणारा डोलनित्स इथला मोठा कारखाना 1945 मध्ये बंद झाला. तिथे काम केलेल्या एका माणसाने 1949 मध्ये लहान प्रमाणावर पुन्हा सुरुवात केली. त्याने कृती आपल्या सावत्र मुलाला दिली. तो मुलगा 1966 मध्ये वारला आणि कारखान्याला कुलूप लागले. शतकानुशतके प्यायले गेलेले पेय एका माणसाबरोबर संपले.

ते परत आले 1986 साली. लोथार गोल्डहान या गृहस्थांनी लाइपझिगमधले गोझेचे एक जुने मद्यगृह पुन्हा उघडायचे ठरवले आणि तिथे गोझेच मिळाली पाहिजे असा हट्ट धरला. त्यासाठी त्यांना गोझे प्यायलेली म्हातारी माणसे शोधून चवीच्या आठवणी गोळा कराव्या लागल्या. आज ही बिअर अमेरिकेपर्यंत पोहोचली आहे. तिचे पुनरुज्जीवन झाले ते चव ओळखणारी माणसे वेळेत सापडली म्हणून.

आंबील त्या टोकाला गेलेली नाही. येळवस आहे, महालक्ष्म्या आहेत, तोवर मडके घराबाहेर जाणार नाही. पण सणापुरती आंबील आणि रोजची आंबील यांत फरक आहे. बार्शी तालुक्यात सोयाबीन आणि उसाने ज्वारीची कितीतरी राने घेतली. उन्हाळ्यात पाहुण्याच्या हाती बाटलीबंद गोड पेय दिले जाते आणि त्याच्या मोठ्या बाटलीत साखर किती असते हे कुणी विचारत नाही. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेले ‘मालदांडी 35-1’ हे वाण आजही रब्बीच्या भाकरीचा मानदंड मानले जाते. दाणा जपण्याची सोय अशी झाली. पीठ किती वेळ ठेवायचे, आंबल्याचा वास कसा ओळखायचा, थंडीत मडके चुलीपासून किती अंतरावर ठेवायचे, हे कुठल्याही मानांकनात लिहिलेले नसते. ते घरातल्या बायकांच्या हातात आणि नाकात असते, आणि ते पिठाच्या दुकानात मिळत नाही.

म्हणून या उन्हाळ्यात एक साधी गोष्ट करून पाहता येईल. घरात आंबील करणारी आई, आजी, सासूबाई किंवा शेजारच्या काकू असतील तर त्यांच्याबरोबर एकदा रात्री पीठ कालवायला बसा. पिठाचे आणि ताकाचे माप, पाण्याची वाटी, ठेवल्याची आणि काढल्याची वेळ वहीत लिहा. सकाळी झाकण काढल्यावर त्या ज्या वासाला ‘आता झाली’ म्हणतात, तो वास ओळखून ठेवा. मग दहा मिनिटांची आंबीलही करून शेजारी ठेवा आणि दोन्ही चाखा. फरक जिभेला कळेल. त्यामागचे कारण आता आपल्याला ठाऊक आहे.